उभ्या इंजिनाचा रस

बन्सीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गंगापूरकडचा ऊस ऊन चढायच्या आत करमाड फाट्यावर आणायचा, तर त्याहून उशीर चालत नाही. मोळी उचलताना आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा. कमरेनं उचलणारा माणूस चार वर्षांत संपतो. बन्सीनं शेंद्र्याच्या कारखान्यांत उभी उमर हमाली केली, कंबर शाबूत ठेवली. गेले ते गुडघे. मग त्यानं हमाली सोडली, नवी तीनचाकी मालगाडी घेतली आणि फाट्यावर रसवंती टाकली.

बन्सीचा एक नियम होता. जो खातो त्यानं राबावं. गाडी ऊस घेऊन आली की दिवसभर फाट्यावर नुसती उभी. ते त्याला बघवेना. त्यानं उसाचा चरक गाडीतच बसवला, खालच्या पत्र्याला भोक पाडलं आणि इंजिनाच्या पुलीवरून पट्टा वर घेतला. चरक गरगर फिरायला लागला. लोक रस प्यायला कमी आणि पट्टा बघायला जास्त थांबायचे.

"आणायला बी हाच बैल, गाळायला बी हाच," बन्सी छाती काढून सांगायचा.

मार्च सरता सरता बैल बसला. इंजिन जाम. ऐन हंगामात. वॉरंटी मात्र अजून चालू होती. ती मंजूर झाली तर इंजिन फुकट आणि उन्हाळा हातात. नाही झाली तर तेच गुडघे घेऊन परत शेंद्र्याला.

त्यानं चरक उतरवला, भोकावर पत्रा ठोकला, वरून काळा रंग मारला. मेथीच्या चार जुड्या मागं टाकल्या.

"खरं सांगून टाका की," बायको कडूबाई म्हणाली.

"खऱ्याला वॉरंटी नसती. तू नुसती गप ऱ्हाय."

गाडी ओढत शहरात सर्व्हिस सेंटरला नेली. तपासायला प्रेरणा मॅडम आल्या. वय पंचविशीचं, हात कोपरापर्यंत काळे. ते हात बघूनच बन्सीला जरा धाकधूक झाली. काम करणारं माणूस फसवायला अवघड.

"काका, गाडीत काय वाहता?"

"भाजी. मेथी बिथी."

मॅडम वाकल्या. नव्या पत्र्याखालून मुंग्यांची रांग निघाली होती, ती थेट ड्रायव्हरच्या सीटपर्यंत.

"मेथीला मुंग्या लागतात?"

"आमच्याकडली मेथी लई गोड, मॅडम."

कडूबाईनं पदर तोंडात धरला आणि भिंतीकडं बघितलं.

मॅडमनी एअर फिल्टर उघडला. आत उसाचा चोथा गच्च बसला होता. इंजिनाच्या अंगावरही त्याचाच थर. "आणि हे?"

"रस्त्यानं उसाच्या गाड्या जात्यात. उडतं, बसतं."

"हा पत्रा?"

"मजबुतीला."

मॅडमनी फडक्याला हात पुसले. "करमाड फाट्यावर एक जण गाडीच्या इंजिनावर रस काढतो. ओळखता?"

"नाय बा. करमाड लई मोठं हाय."

"बरंय, ओळखत नाही ते. मागच्या महिन्यात मी प्यायले तिथं. रस कसला, गोडसर पाणी! नुसता बर्फ."

बन्सीचे कान तापले. कडूबाईनं त्याच्या पायावर पाय दाबला. बन्सीनं बर्फ गिळला.

"ऊसही शिळा असणार," मॅडम म्हणाल्या.

"शिळा?" बन्सीनं पाय सोडवून घेतला. "अवो, साडेतीनला उठतोय मी! कांडं तीनदा चरकात घालतो. तिसऱ्यांदा आलं आन् लिंबू घडीत धरून. ही पुली माझ्या हातानं बसवलीय! दिवसभर इंजिन असं चालतंय, की वर ठिवलेल्या ग्लासातला रस हालत नाय!"

"दिवसभर?"

"सकाळच्याला नऊला चालू केलं की दिवे लागंपर्यंत..." बन्सी थांबला.

"झालं," कडूबाई म्हणाली. "गाळला रस."

मॅडमनी अर्जावर नकार लिहिला. पण तसंच हाकललं नाही, समजावून सांगितलं. गाडी पळते तेव्हा इंजिनाला वारा लागतो. उभ्या गाडीत तो मिळत नाही, त्यात चोथ्याचं पांघरूण. इंजिन घुसमटलं.

"पण इंजिन फिरायलाच असतंय ना?" बन्सी हटेना. "मी फिरवलंच. उलटं तर नाय ना फिरवलं?"

"फिरायलाच असतं, काका. पण पळता पळता. कंपनी गाडीला जबाबदार आहे, चरकाला नाही."

बन्सी फाटकाकडं निघाला तेव्हा मॅडमनी मागून हाक मारली. "काका, रस चांगला होता. दोन ग्लास प्यायले होते मी."

बन्सी वळला. "आन् बर्फ?"

"बेताचा."

रस्त्याला लागल्यावर कडूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "इंजिन गेलं, उरलंसुरलं गुडघं जाणार, आन् तुमी दात काढताय?"

"एका ग्लासावर उठली नाय ती," बन्सी म्हणाला.

एप्रिल आणि मे तो शेंद्र्याला पोती उचलत होता. आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा. गुडघा रोज शिव्या द्यायचा. तरण्या पोरांपेक्षा बन्सी हळू होता, पण त्याच्या हातून एक पोतं फुटलं नाही. त्या मजुरीतून करमाडच्या मिस्त्रीनं इंजिन उघडून नवा पिस्टन घातला. उरलेल्या पैशांत भंगारातून एक मोठं लोखंडी चाक आलं, चरक हातानं फिरवायला. गाडी आता फाट्यावर उभी असते आणि बन्सी राबतो. दमला की कडूबाई चाक धरते. आणि अगदी शेवटी राहिलेल्या पैशांची त्या चाकाला बांधायला घुंगरं आली. ती कडूबाईनं एकेक वाजवून निवडली.