जप्त केलेला मोबाइल

रांजणगावला कंपनीत शिफ्ट करणाऱ्या बापानं नववीतल्या पोरीला मोबाइल दिला होता. दप्तरात तो सापडताच आमच्या हेडसरांनी तिला प्रार्थनेला सगळ्यांपुढं उभं करून संस्कारांवर भाषण ठोकलं आणि मोबाइल कपाटात कोंडला. मीही त्याच शाळेतला मास्तर, नंदीबैलासारखी मान डोलावत उभा. दुपारी ऑनलाइन हजेरी भरायची, तर आम्हा संस्कारवाल्यांच्या एकाही मोबाइलला रेंज नाही! पोरीचं सिम तेवढं वेगळं. हेडसरांनी निर्लज्जपणे कपाट उघडलं, तिला वर्गातून बोलावून हॉटस्पॉट चालू करायला लावला. अख्ख्या शाळेची हजेरी तिच्या नेटवर गेली. मग मोबाइल शाळा सुटेपर्यंत परत कपाटात. सुटल्यावर तो घेऊन जाताना तिनं मला शांतपणे विचारलं, "सर, उद्याबी आणायचा का?"