काकूंनी न पाहिलेला सूर्य

लोकरकाकू पहिल्या भेटीत माणसाच्या पाठीवर तळवा टेकवत. नवख्यांना तो आशीर्वाद वाटे. काकू खरं म्हणजे माप घेत असत. महिनाभरात त्या मापाचा स्वेटर घरी येई आणि तो नको म्हणायची कुणाची प्राज्ञा नसे. अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, बेलव्ह्यूला ऐंशीच्या दशकात आलेल्या कितीतरी मराठी माणसांचा पहिला हिवाळा काकूंच्या लोकरीत गेला. माझाही. तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात सोफे उचलत होतो. पुढे जुन्या फर्निचरचं स्वतःचं दुकान टाकलं आणि काकू मला 'शेट' म्हणू लागल्या.

"थंडी काय पाहुणी आहे, कळवून यायला?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. जुलैतही पिशवीत शाल असायची. लोक हसत, त्याही हसत, पण शाल काढून ठेवत नसत.

काकू मूळच्या देवगडच्या. काका गेल्यावर मुलाकडे आल्या. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकदाच मागितलं. आम्ही तीन कुटुंबं हवाईला निघालो होतो. माउई बेटावरच्या ज्वालामुखीच्या माथ्यावरून सूर्य ढगांतून, समुद्राच्या वर येताना दिसतो, असं कुणीतरी सांगितलं. काकू म्हणाल्या, "मला न्याल का रे? आमच्या देवगडला तो समुद्रात बुडतो. इथे आले तर इथेही बुडतोच. जन्मभर जाणारा पाहिला, एकदा येणारा पाहीन." मुलाला सुट्टी नव्हती. काकू आमच्या भरवशावर आल्या.

सहल ठरवायचं काम माझ्याकडे होतं. घासाघीस करायची म्हटली की सगळे माझ्याकडे बघत. सहलीच्या कंपनीचा बेत होता, पहाटे ज्वालामुखी, वर घालायला जाड कोट, आणि नाश्ता करून परत. मी फोनवर त्या बाईला जेरीस आणलं. कोट काढून टाका, त्याऐवजी काळ्या वाळूचा किनारा दाखवा. हवाईत कोट कशाला? ती दोनदा म्हणाली, वर फार गार असतं. मी ते गिऱ्हाइकाला घाबरवायचं बोलणं समजलो. तसं मी स्वतः रोज बोलत असे. किनारा मिळाला तेव्हा आमच्या दिवाणखान्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निघायच्या आदल्या दिवशी सामान एकत्र करायला सगळे आमच्याकडे जमले. दशम्या, चटणी, चिवडा, पोहण्याचे कपडे. काकूंनी मोठी पिशवी आणली होती. सगळ्यांसाठी स्वेटर.

"शेट, डोंगर किती उंच आहे रे?"

"काकू, आपण हवाईला चाललोय, अलास्काला नाही. तुमचं लोकरीचं दुकान इथेच ठेवा. व्हॅन लहान आहे."

आवाज चढला होता. काकूंनी एकेक स्वेटर बाहेर काढून आमच्या सोफ्यावर ठेवला. स्वतःचा एक आणि शाल तेवढी ठेवली. "मालकांनी सांगितलं म्हणजे झालं," म्हणाल्या आणि चिवड्याची चव बघायला आत गेल्या.

पहाटे माथ्यावर पोचलो तेव्हा वाऱ्याने व्हॅनचं दार उघडेना. गाइड जाड कोटात होता. आमच्याकडे बघून त्याने विचारलं, "जॅकेट्स कुठे आहेत?" माझी मुलगी सहा-सात वर्षांची. पोहण्याचा टॉवेल गुंडाळून कुडकुडत होती. बायको म्हणाली, "हिला गाडीतच ठेवूया." मी भडकलो. "एवढं सगळं केलं ते गाडीत बसायला?"

काकूंनी अंगातला स्वेटर काढला, मुलीला घातला आणि वरून शाल लपेटली. "जा, दाखव तिला. मी बसते आत."

"काकू, तुम्ही चला ना..."

"साडीत कुठे येऊ? जा, तो थांबायचा नाही."

मी गेलो. आजवर इतकं सुंदर काही पाहिलं नाही, आणि तेव्हा नीट पाहताही आलं नाही. मुलगी माझ्या खांद्यावर होती. व्हॅन पश्चिमेकडे तोंड करून उभी होती. परत आलो तर काचांवर वाफ धरलेली.

"पाहिलास का गं?" काकूंनी विचारलं.

"आय फेल अस्लीप, काकू."

काकूंचा चेहरा खुलला. "म्हणजे ऊब आली."

दुपारी काळ्या वाळूवर मी म्हणालो, "थांबूया, निदान मावळताना बघू." काकू म्हणाल्या, "तो मी पोटभर पाहिलाय रे." किनाऱ्याचं मात्र त्यांनी कौतुक केलं. माझ्या घासाघिशीचंही. बेलव्ह्यूला परतल्यावर सगळ्यांना सांगितलं, उंचीवर चक्कर आली म्हणून मीच गाडीत बसले.

माझी तक्रार आहे ती इथे. त्यांनी मला चार लोकांत झापायला हवं होतं. मी भांडलो असतो, हरलो असतो, आणि फिटलं असतं. जो काही मागतच नाही त्याच्याशी घासाघीस कशी करायची? परत घेऊन जातो म्हटलं की "बघू" म्हणत. मग गुडघे गेले. मग देवगडला परत गेल्या.

अधूनमधून मी फोन करायचो. ख्यालीखुशाली झाली की त्या म्हणत, "हं, सांग. कसा आला तो वर?" मोडका सोफा राजेशाही म्हणून विकणारा मी, पहिल्या वेळी "छान होता" यापुढे जाईना. हळूहळू जमू लागलं. आधी ढगांची कड कशी पेटली, मग खालचं काळं विवर कसं तांबडं झालं, सगळं सांगायचो.

त्यांच्या शेवटच्या आजारात फोन केला तेव्हा आवाज खोल गेला होता. दमतील म्हणून मी थोडक्यात आटोपलं.

"शेट," त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी जास्त लाल होता. पुन्हा सांग."