शिराळ्याला हृदयं तपासायला

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच डॉक्टर झाले होते. कॉलेजातल्या माझ्या सरांनी विचारलं, "शिराळ्याकडच्या शाळांत जाशील?" लहानपणी घसा धरतो, मग ताप येऊन सांधे सुजतात आणि पुढे काही मुलांच्या हृदयाची झडप कायमची बिघडते. आपल्याकडे असं किती मुलांचं होतं, ते शोधायचं होतं. मी लगेच हो म्हणाले. आई म्हणाली, "भारी हौस बाई तुला!"

साताऱ्याहून सकाळची एसटी. कराड, मलकापूर मागे टाकून पेठनाक्याला उतरायचं आणि शिराळ्याची गाडी धरायची. पुढचा रस्ता कंबर मोडणारा. तुम्ही जाणार असाल तर मागच्या सीटवर बसू नका.

शिराळ्याच्या अलीकडच्या एका गावात हेडमास्तरांनी पोरं न्हाऊमाखू घालून, तेल चोपडून रांगेत उभी केली होती. दुपार कलेपर्यंत छात्या तपासल्या. सगळी ठणठणीत! मला फार बरं वाटलं. मास्तरांच्या घरचं पिठलं, भाकरी आणि झणझणीत ठेचा पोटभर जेवले.

संध्याकाळी फाट्यावर परतीच्या गाडीत चढणार, तोच एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन आली. एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर!

"आवं डॉक्टरीणबाई, माझ्या हौसाला मास्तरांनी का नगं म्हनलं?"

"नको म्हणाले?"

"आजारी पोरं घरीच ऱ्हाऊ द्या, बाईंना तरास नगं, म्हनले. चार पावलं चालली की धापा टाकती वो. मागं गुडघं लय सुजलं हुतं, ते आपसूक गेलं."

अरे देवा! तिथंच तिच्या छातीला नळी लावली, पण गाडीच्या घरघरीत ऐकू काय येणार? ड्रायव्हर वाकून बघत होता. "बंद करू व्हय?" म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं. प्रत्येक ठोक्यामागे फुसफुस स्पष्ट ऐकू आली.

"बसा दोघी," म्हटलं. इस्लामपूरहून थेट सांगली गाठली. विश्रामबागेतल्या माझ्या मावशीकडे मायलेकी राहिल्या. सकाळी दवाखान्यातले मोठे डॉक्टर म्हणाले, "झडप पार गेलीय. पहिल्या तापानंतरच इंजेक्शनं सुरू व्हायला हवी होती."

"पर गुडघं तर बरं झालं हुतं की," हौसाची आई म्हणाली.

हौसा त्याच वर्षी पावसाळ्यात गेली. साताऱ्याला घरी बसून मी मास्तरांवर मनातल्या मनात खूप चिडले, रडलेही. त्यांनी तर माझ्या सोयीसाठीच केलं होतं सगळं.

पुढे कितीतरी गावं हिंडले. शाळेत गेल्यावर रांगेकडे नंतर वळायचे. आधी विचारायचे, "आज कोण आलं नाही?" आणि मग त्या घराकडे चालू लागायचे.