अण्णांनी न पाहता लिहिलेला शब्द

अण्णांच्या मुलाचा, महेशचा फोन आला तेव्हा मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात माझ्या टेबलापाशी होते. अकरा वाजले असतील. "अक्का, अण्णा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर हातात घेतला आणि..." मी रजा मागायला साहेबांकडे गेले. माणूस भला आहे, त्यांनी लगेच विचारलं, "कोण लागायचे तुमचे?" वडील म्हणावं तर माझे वडील नागपुरात वारले त्याला पंधरा वर्षं झाली. भाऊ नव्हते, शेजारी म्हणावं इतकं घर जवळ नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "माझे चष्म्याचे डॉक्टर होते." साहेबांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि अर्धा दिवस मंजूर केला. हे उत्तर अण्णांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी आधी तेच दुरुस्त केलं असतं. "डॉक्टर नाही अक्का, ऑप्टोमेट्रिस्ट. मी नंबर काढतो, डोळा तपासतो, आत काही वेगळं दिसलं तर डॉक्टरांकडं पाठवतो. एवढंच माझं काम." त्या एवढ्याशा कामात त्यांच्या हातून एकदा चूक झाली होती. ती माझ्या डाव्या डोळ्यात झाली. आमची ओळख खरी सुरू झाली ती तिथून.

गोविंदराव जाधव हे त्यांचं पाटीवरचं नाव. राजाजीनगरातले लहानथोर त्यांना अण्णाच म्हणायचे. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडं कन्नड मुलखात आलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड अशी मिसळलेली असायची की कुठलं वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते सांगता यायचं नाही. दुकानात समोर फ्रेमांच्या काचा, मागं पडद्याआड तपासणीची खोली. मी पहिल्यांदा गेले ती चाळिशीचा चष्मा करायला. एकटी राहणारी बाई, दिवसभर कामाच्या जागी हिंदी, रिक्षात आणि भाजीवाल्याकडे मोडकं कन्नड. घरी आल्यावर तर कुठल्याच भाषेत बोलायचं कारण नसायचं. फोनवर मी बहिणीशी बोलत होते ते ऐकून काउंटरमागून ते म्हणाले, "मराठी का तुम्ही? स्वल्प बसा अक्का, यांचं संपवतो." एवढ्यावर मला बरं वाटलं होतं. शनिवारची संध्याकाळ होती, बाकावर जागा नव्हती. दहा मिनिटांत त्यांनी माझा नंबर काढला, कार्ड भरलं, पुढच्या माणसाला आत घेतलं. चष्मा उत्तम झाला. मी दोन वर्षं तो सुखानं वापरला.

दोन वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. त्यांनी भिंग धरून माझ्या डाव्या डोळ्यात पाहिलं, आणि पाहतच राहिले. मग डोळ्यावर हवेचा फुत्कार सोडणाऱ्या यंत्रावर दाब मोजला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "घरात कुणाला काचबिंदू होता?" मी म्हटलं, आजीला शेवटी शेवटी दिसत नव्हतं, पण म्हातारपणाचंच असेल असं सगळे म्हणायचे. त्यांनी हातानं चिठ्ठी लिहून मला डोळ्यांच्या इस्पितळात पाठवलं. तिथं कळलं की डाव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यातलं मला दिसतच नाही. उजवा डोळा ती उणीव भरून काढत होता म्हणून माझ्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं थेंबांवर राखायचं होतं.

त्यानंतर आठवड्यानं अण्णा माझ्या घरी आले. कधी आले नव्हते. दारात चपला काढून खुर्चीच्या कडेवर बसले आणि खिशातून माझं जुनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. 'दाब' आणि 'आतला भाग' अशा दोन रकान्यांसमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'नॉर्मल'.

"अक्का, त्या शनिवारी मी तुमचा दाब मोजला नव्हता. आत पाहिलंही नव्हतं. गर्दी होती. लिहिलं मात्र."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी विचारलं, "पाहिलं असतं तर दिसलं असतं?"

"सांगता येत नाही. बहुतेक दिसलं असतं."

ते तिथंच थांबू शकले असते. त्या कार्डाची आठवणही मला नव्हती. पण त्यांनी हेच सगळं कागदावर लिहून, खाली सही करून आणलं होतं. तो कागद माझ्यापुढं सरकवत म्हणाले, "तुम्हाला तक्रार करायची असेल तर हा लागेल." मी कागद घेतला. मग जे बोलले ते अजून कानात आहे. "मी कारखान्यात तपासणीला आहे अण्णा. भिंगाखाली बेअरिंगच्या कड्या बघते. न बघता सही करणाऱ्याला आमच्याकडं घरी पाठवतात." ते कन्नडमध्ये "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाले. उठले, चपला घातल्या आणि गेले.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडत असतानाच मला आठवत होतं की माल पाठवायच्या घाईत, एकदा, एका पूर्ण ट्रेवर मीही अशीच सही केली होती. त्या कड्यांचं पुढं काही वाईट झालं नाही. किंवा झालं असेल, मला कळलं नाही. मी अण्णांना ते सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

चार-पाच महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. तपासणीचं काम मीच मागून बदलून घेतलं, कागदपत्रांच्या टेबलावर आले. दिसत होतं सगळं. माझा माझ्या डोळ्यावरचा भरवसा उडाला होता. पहिले काही दिवस दुपारच्या जेवणाला मी सवयीनं जुन्या विभागाकडे वळायची आणि अर्ध्या वाटेत परत फिरायची... तिकडं अण्णांचं काय चाललं होतं ते मला महेशकडून, आणि तेही बरंच नंतर कळलं. शनिवारची रांग त्यांनी बंद केली. एका दिवसात ठरावीकच माणसं, तीही वेळ देऊन. महेशशी खटके उडाले. "अण्णा, बाकी सगळे चालवतात तसं चालवा ना," तो म्हणायचा. सत्तावन्नाव्या वर्षी ते काचबिंदूच्या एका अभ्यासवर्गाला जाऊन बसले. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, शेजारी बसणारे त्याहून लहान. दर गुरुवारी दुपारी डबा घेऊन जायचे. परीक्षेत एकदा नापास झाले, पुन्हा बसले.

मग त्यांचा फोन आला. राजाजीनगरातल्या एका शाळेच्या वर्गात महिन्यातल्या एका रविवारी शहरातले पंचवीस-तीस ऑप्टोमेट्रिस्ट जमायचे, नवं काही शिकायला, अडलेलं विचारायला. तिथं माझी हकीकत सांगू का, म्हणून ते परवानगी मागत होते. "नाव नाही घेणार. तुम्ही नको म्हटलात तर सांगणार नाही." मी हो म्हटलं. आणि त्या रविवारी न सांगता तिथं जाऊन शेवटच्या बाकावर बसले. खरं सांगते, पाहायला गेले होते की माणूस स्वतःला कुठं कुठं वाचवतो.

त्यांनी कुठंच वाचवलं नाही. कन्नडमध्ये, सावकाश, ती गर्दी, तो पडदा, तो शब्द, सगळं सांगितलं. मग पुढच्या बाकावरचे एकजण, अण्णांच्याच वयाचे, म्हणाले की हे असं चारचौघांत सांगणं धंद्याला घातक आहे, उद्या त्या पेशंटनं कोर्टात खेचलं तर? अण्णा काही बोलणार तोच मी उभी राहिले. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये म्हटलं, "ती पेशंट मी." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कुणीतरी चहा आणायला सांगितलं.

त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. दर तीन महिन्यांनी फोन, "अक्का, दाब बघायची वेळ झाली." मी जायची. मोजून झालं की आकडा ते मला स्वतः वाचायला लावायचे आणि मगच लिहायचे. नंतर थोडा वेळ बसायची मी. ते फार बोलके उरले नव्हते. रविवारच्या वर्गातली जुनी मंडळी त्यांना टाळू लागली होती. लग्नामुंजीची आमंत्रणं कमी झाली होती. ज्याच्याशी बोललं की आपल्याही कपाटातली कार्डं आठवतात, अशा माणसाजवळ कोण बसणार? मला तर ते पुरतं ठाऊक होतं. मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसून कॉफी प्यायची, त्यांचा एकटेपणा बघायची, आणि माझा तो ट्रे पोटात ठेवून घरी यायची. उद्या सांगू, पुढच्या वेळी सांगू... असं म्हणता म्हणता सहा वर्षं गेली.

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी अर्चनाचा फोन आला. रविवारच्या वर्गाची व्यवस्था आता ही तरुण ऑप्टोमेट्रिस्ट बघते. दर वर्षी नव्या मुलांना अण्णा माझी हकीकत सांगायचे. या वर्षी मी सांगेन का, असं ती विचारत होती. मी गेले. अण्णा जिथं उभे राहायचे तिथं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शेवटी एका मुलीनं हात वर केला. "अक्का, तुम्ही त्यांना माफ केलंत?"

समोर सगळी कोवळी तोंडं, वह्या उघडलेल्या. मी म्हटलं, "माफ करणारी मी कोण? मीही एकदा न बघता सही केली होती. त्यांनी माझ्या घरी येऊन मला सांगितलं. मी त्यांच्या दुकानात सहा वर्षं बसले आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना सोबत झाली असती." कुणी काही लिहिलं नाही. अर्चना उठून माझ्याजवळ आली आणि मला खुर्चीवर बसवलं.

जे एका माणसाला सांगायचं होतं ते तीस अनोळखी मुलांना सांगून मी घरी आले. बोलून हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. कुलूप उघडलं, पंखा लावला, बसून राहिले.

सकाळी साडेसहाला, बस गाठायच्या आधी, मी डोळ्यात थेंब घालते. थेंब पडला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा, दोन मिनिटं. हे अण्णांनी शिकवलं. "नाहीतर औषध घशात उतरतं अक्का, डोळ्याला काय उरणार?" सुरुवातीला दुकानात बसवून ते माझ्याकडून करून घ्यायचे आणि एकशेवीसपर्यंत कन्नडमध्ये मोजायला लावायचे, म्हणजे भाषाही येईल. ओंदु, एरडु, मूरु... साठच्या पुढं कुठंतरी मी हमखास अडखळायची. मग पलीकडून, फ्रेम पुसता पुसता, ते पुढचा आकडा सांगायचे. अजूनही मी तशीच मोजते, आणि अजूनही साठच्या पुढं अडखळते. अडखळले की थांबते. डोळा मिटलेला, बोट कोपऱ्यावर. जरा वाट बघते... मग पुन्हा एकपासून सुरू करते.