न धडकता

घाट उतरून आम्ही सपाट रस्त्याला लागलो होतो. पुढेमागे एकही गाडी नव्हती. माझी बायको सुमन शेजारी दाराला टेकून पेंगत होती. अचानक स्फोटासारखा आवाज झाला आणि तिच्या बाजूची एअरबॅग उघडली.

“कशाला धडकलो आपण?” कान दाबून ती विचारत होती.

“कशालाच नाही!” मी ओरडून सांगत होतो. तिला ऐकू येत नव्हतं.

गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. तिचा डावा कान मात्र कायमचा गेला. जी वस्तू जीव वाचवायला बसवलेली, तिनेच घाव घातला तर माणसाने भरवसा कशावर ठेवायचा?

काल गॅलरीत गार वारा सुटला म्हणून मी डावीकडून तिच्या खांद्यावर शाल घालायला गेलो. ती दचकून भिंतीशी सरकली.

“अगं, मीच आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली आणि तशीच अंग चोरून उभी राहिली.