उदावर गुलाब

ज्यांच्याकडून अत्तर घेऊ नका असं पत्रक वाटता, त्यांच्याच अत्तराचा फाया कानात घालून कसे फिरता? परवा हुमनाबादच्या बाजारात पत्रक देणाऱ्याच्या कानाजवळून तो उद-गुलाबाचा वास आला आणि भांडायचं सोडून मी तो कागद पिशवीत टाकला.

आमच्या गावची, दुबलगुंडीतली, थोरल्या अक्काच्या लग्नाची सकाळ आठवली. अत्तरवाल्या चाचांनी तिच्या मनगटावर आधी उदाचं तेल लावलं. अक्कानं नाक मुरडलं. "चाचा, नवरी सजवायलाव का धुरी द्यायलाव?"

"थांब की बेटी. नुसता गुलाब दुपारपतूरबी टिकत न्हाई. खाली उद पायजे." चाचांनी हसत त्यावर गुलाबाचा थेंब टेकवला. हळूहळू तो धुरकट वास गोड झाला. संध्याकाळी निघताना अक्का माझ्या गळ्यात पडून रडली, तेव्हाही गुलाब दरवळत होता.

त्या दिवशी चाचा आमच्याच मांडवातले होते. ते वेगळे आहेत, हे मला परवाच्या कागदानं सांगितलं. चळवळीच्या घरात पत्रकांवरच वाढलेली मी उलट पत्रक लिहायला बसले, पण चार ओळी लिहून खोडल्या. तो कागद फिरायला लागल्यापासून चाचांचं दुकान दिवसभर रिकामं असतं.

म्हणून एवढंच करा. तो कागद तुमच्या हाती आला तर पुढे देऊ नका, आणि घरात लग्न निघालं की चाचांच्या दुकानी जाऊन मनगट पुढे करा.