रेकॉर्डिंगच्या दिवशीचं सुतक

अमेरिकेतला एक ब्लूज गाणारा म्हातारा दोन महिने गंगेकाठी पंचगंगा घाटाजवळ खोली घेऊन राहिला होता. वय पंचाहत्तरच्या पुढे. नवा अल्बम करत होता आणि हा शेवटचाच, असं सांगत होता. त्यातल्या एका गाण्याला त्याला तबला हवा होता. आमच्या देवळात कीर्तनाला काका तबल्याची साथ करतात; मी त्यांच्याकडे भाड्याने राहतो आणि जेवतो, नात्याने कुणी नाही. ती त्याने एकदा दारात उभं राहून ऐकली आणि काकांना विचारलं. काका सत्तरीचे. त्यांचा हात आजवर कुठेच रेकॉर्ड झालेला नव्हता. ते लगेच हो म्हणाले, मग दोन दिवस विचार करतो म्हणाले.

स्टुडिओ रामनगरला होता, पंख्यांच्या दुकानाच्या वर. एरवी तिथे देवीची भोजपुरी गाणी होतात. दुभाषा म्हणून मी बरोबर गेलो. मी इथल्या एका हिंदी वर्तमानपत्रात काम करतो. गाणं होतं एका माणसाचं, ज्याची बायको घर सोडताना फ्रीज घेऊन गेली आहे.

"फ्रीजच का?" काकांनी विचारलं.

मी विचारून सांगितलं, "उन्हाळा होता म्हणतात."

काकांना ते पटलं. पटला नाही तो ताल. ब्लूजच्या रिवाजाप्रमाणे बारा मापांचं आवर्तन ठरलं होतं. म्हातारा गिटारवर कधी साडेअकरावर वळायचा, कधी तेरावर. काकांनी चौथ्यांदा हात उचलला.

"साहेब समेवर येत नाहीत."

मी भाषांतर केलं. त्याचं उत्तर आलं, यायचा तेव्हा येईन.

"मग मी काय घाटावर नावेची वाट बघत बसू?"

हे मी भाषांतरित केलं नाही. रेकॉर्डिंग करणाऱ्याने दोघांच्या कानात यंत्राचा ठोका सोडला. दोघांनी हेडफोन काढून ठेवले. पहिला दिवस संपला तेव्हा हाती काही नव्हतं. दुसऱ्या दिवसानंतर स्टुडिओ मिळणार नव्हता आणि म्हाताऱ्याचं तिसऱ्या दिवशीचं दिल्लीचं तिकीट होतं.

त्या रात्री जेवताना काका एकदम म्हणाले, "हा गवई नाही. बुवा आहे."

"म्हणजे?"

"कीर्तनातला बुवा रे. अभंगाच्या मध्येच बोलायला लागतो, कधी परत येईल त्याचा नेम नसतो. तिथे मात्रा मोजायच्या नसतात. तोंडाकडे बघायचं असतं. चाळीस वर्षं तेच करतोय आणि आज मूर्खासारखा मोजत बसलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला माझा मोबाइल वाजला. काका मोबाइल ठेवत नाहीत, नातेवाइकांकडे माझाच नंबर आहे. नागपूरहून काकांच्या चुलतभावाचा मुलगा बोलत होता. त्याचे वडील पहाटे गेले होते. काकांना सांगा, म्हणाला. सांगतो, म्हणालो.

चुलतभाऊ म्हणजे दहा दिवसांचं सुतक. सुतकात काका तबल्याला हात लावत नाहीत. पण सुतक लागतं ते ऐकल्यापासून. उशिरा कळलं तर उरलेले दिवस पाळायचे. हा नियम आमच्या गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण काका गुरुजीही आहेत आणि अशा शंका विचारायला लोक त्यांच्याकडेच येतात.

काका आतल्या खोलीत डग्गा कापडात गुंडाळत होते. काकू चुलीपाशी होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी झारा वर धरला.

"मला काही सांगू नकोस. नैवेद्य व्हायचाय."

"ऑफिसचा फोन होता."

"मी विचारलं का?"

आम्ही रिक्षाने पूल ओलांडून रामनगरला गेलो. काका म्हाताऱ्यासमोर बसले, तोंडाकडे बघत. तो गाता गाता बोलायला लागला की हे बोटांनी नुसतं धरून ठेवायचे, तो परतला की ठेका सोडायचे. तिसऱ्या खेपेला गाणं पूर्ण झालं. रेकॉर्डिंग करणारा म्हणाला, "बाबा, हो गया." म्हाताऱ्याने उठून काकांचे दोन्ही हात हातात घेतले. काका मला म्हणाले, "सांग त्याला, चहा पाज म्हणावं."

संध्याकाळी परतताना मी त्यांना घरी न नेता बालाजी घाटावर नेलं आणि पायरीवर बातमी सांगितली.

"फोन कधी आला?"

"सकाळी. सव्वाआठला."

"मी तेव्हा काय करत होतो?"

"डग्गा बांधत होतात."

 त्यांनी चष्मा आणि घड्याळ माझ्या हातात दिलं आणि ते धोतर-कुडत्यासकट पाण्यात उतरले. सुतकाची बातमी ऐकली की असंच न्हायचं असतं. वर आल्यावर म्हणाले, "त्याला मागच्या आठवड्यात तुझ्याच फोनवरून या रेकॉर्डिंगचं सांगितलं होतं मी. म्हणाला, झालं की ऐकव."

हे मला माहीत नव्हतं. 

दिल्लीहून म्हाताऱ्याने गाणं पाठवलं. मी त्याला झालेला प्रकार कळवला होता. त्याने लिहिलं होतं, तुमच्यात हे अनुचित ठरत असेल तर तबला काढून टाकतो, पंडितजींनी ठरवावं. काकांनी ते उरलेले दिवस ठरवलंही नाही आणि ऐकलंही नाही. मी विषय काढला तर म्हणायचे, "सुतकात गाणं ऐकतात का?" गल्लीतल्या कुणी तेव्हा शंका विचारली तर त्याला दुसऱ्या गुरुजींकडे पाठवत होते.

अकराव्या दिवशी आंघोळ करून ते माझ्यापाशी येऊन बसले. मी मोबाइलवर गाणं लावलं. त्यांनी ते शेवटपर्यंत मान न हलवता ऐकलं.

"दुसऱ्या कडव्याला मी घाई केलीय."

"मग काढायला सांगू?"

"घाई केली म्हणून? राहू दे. मी बातमी ऐकलेली नव्हती, तेव्हा वाजवणं शुद्ध आहे. कळव त्याला." मग म्हणाले, "आता नागपूरला लावून दे."

मी मोबाइल मागे घेतला. "मी बोलतो. फोन मी घेतला होता."

"लावून दे म्हटलं ना."

नागपूरच्या पुतण्याला त्यांनी सांगितलं, "तुझे बाबा गेले त्या दिवशी मी तबला वाजवत होतो. मला कळायला संध्याकाळ झाली." का संध्याकाळ झाली हे त्यांनी सांगितलं नाही. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. काका बराच वेळ हूं, हूं करत होते.

मोबाइल परत देताना म्हणाले, "पाठव म्हणतोय."

मी गाणं पाठवलं. थोड्या वेळाने त्याचा एका ओळीचा निरोप आला. त्यात गाण्याबद्दल काही नव्हतं. त्या दिवशी सकाळचा फोन कुणी घेतला होता, एवढंच विचारलं होतं.

मी लिहिलं, मी.